गाडी निघाली चेन्नईला, थांबली दूधसागरला: सिनेमातल्या रेल्वेच्या चुका

आउटर सिग्नल

रविवारी दुपारी टीव्हीवर ‘चेन्नई एक्स्प्रेस’ (२०१३) लागला होता. दर पाच मिनिटांनी मी काहीतरी बोलत होतो म्हणून घरच्यांनी मला खोलीबाहेर काढलं. जे तिथे बोलू दिलं नाही ते इथे, या धाग्यात लिहितो.

नायक मुंबईत गाडीत बसतो. आजोबांच्या अस्थी घेऊन रामेश्वरमला निघाल्याचं सोंग आहे, मनात मात्र कल्याणला उतरून मित्रांबरोबर गोवा. इथवर सगळं चोख. मुंबई-चेन्नई गाडी कल्याणवरूनच जाते. पुढे पुणे, सोलापूर, वाडी, रायचूर, गुंतकल, रेणिगुंटा आणि मग चेन्नई. पण पडद्यावरची गाडी येऊन उभी राहते ती थेट दूधसागर धबधब्याच्या पुलावर! दूधसागर आहे कॅसलरॉक ते कुळे या घाटात, गोव्याच्या हद्दीत. तिथे जायचं तर पुण्याहून सोलापूरकडे वळायचंच नाही, मिरज-लोंढा असं खाली उतरायचं.

म्हणजे बघा, पठ्ठ्याला गोव्याला जायचं होतं, जायला मिळालं नाही म्हणून तो हळहळतोय आणि गाडीने त्याला गुपचूप गोव्यातच आणून सोडलंय. खाली उतरून कुळ्यापर्यंत रुळाच्या कडेने चालला असता तर सिनेमा मध्यंतराच्या आतच संपला असता.

माझा निकष साधा आहे. सिनेमाने स्वतःहून जे सांगितलं तेवढंच तपासायचं. ‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’चा (१९९५) शेवट पंजाबात घडतो आणि ते स्टेशन आहे आपल्या रायगडातलं आपटा, पनवेल-रोहा मार्गावरचं. तरी मी ते माफ करतो. सिनेमा एवढंच म्हणतो की हे पंजाबातलं एक लहान स्टेशन आहे. गाडी कोणती, मार्ग कोणता, काही बोलत नाही. पण गाडीचं नावच सिनेमाला दिलं की मार्ग हा तुमचा शब्द झाला.

आपापल्या चुका टाका. ऐकीव नकोत, स्वतः पाहिलेल्या हव्यात.

उगाच

सिनेमा बघायला जाता की वेळापत्रक तपासायला? धबधबा सुंदर दिसतो म्हणून तिथे चित्रीकरण केलं, विषय संपला. वाडी जंक्शनवर गाणं केलं असतं तर तुम्हीच आधी उठून गेला असतात.

बाजूची खालची

उगाचराव, वाडीचा अपमान नको. रात्री दोन वाजता तिथे चहा घेतला असता तर असं बोलला नसतात.

माझी तक्रार खिडकीबद्दल. शयनयान डब्याच्या खिडकीला आडवे गज असतात. सिनेमात मात्र नायिका कमरेपर्यंत बाहेर झुकून ओढणी उडवते. ‘आपत्कालीन खिडकी असेल’ असा बचाव कुणी करण्याआधी सांगते: ती डब्यात मोजकीच असते आणि प्रत्येक नायिकेला नेमकी तीच मिळते. मला आजवर एकदाही मिळालेली नाही.

दुसरं म्हणजे बर्थ क्रमांक. जुन्या आयसीएफ (चेन्नईच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीच्या) शयनयान डब्यात ७२ बर्थ, एकेका कप्प्यात आठ. ७ आणि ८ बाजूचे, मग १५ आणि १६, असं आठ-आठने पुढे जायचं. एवढा पाढा आला की कुणी ‘माझी ३५ नंबरची खिडकी’ म्हणालं की हसू येतं. ३३ खालचा, ३४ मधला, ३५ वरचा. वरच्या बर्थवरून खिडकी दिसत नाही, पंखा दिसतो.

गार्डाचा डबा

नोकरी रेल्वेत झाली, आता निवृत्त आहे. चुकीच्या मार्गाचं मला एवढं वाटत नाही, ब्रेकचं वाटतं.

सिनेमातला खलनायक डब्याखाली शिरतो, एक नळी कापतो आणि गाडी सुसाट सुटते. प्रत्यक्षात बरोबर उलट होईल. आधीच्या व्हॅक्यूम पद्धतीत काय आणि आताच्या एअर ब्रेकमध्ये काय, नळीतला दाब (किंवा निर्वात) टिकून असेल तोवरच ब्रेक सुटलेले राहतात. नळी कापली, फुटली, डबा तुटून वेगळा झाला, काहीही होवो, ब्रेक आपोआप लागतात. ही सगळी रचनाच अशी की बिघाड झाला तर गाडी थांबली पाहिजे. त्यामुळे ‘मधली कडी काढून जळणारे डबे मागे सोडून देऊ’ हा नायकाचा बेतही फसणार. नळ्या तुटल्या की मागचा भाग थांबेल आणि पुढचाही. शिवाय गाडी ओढत असताना कपलिंगवर असा ताण असतो की नुसत्या हाताने ती कडी निघतच नाही.

साखळीचंही तसंच. सिनेमात साखळी ओढली की पुढच्या क्षणी गाडी कचकन थांबते आणि वरच्या बर्थवरच्या पेट्या खाली येतात. शंभराच्या वेगातली गाडी थांबायला अर्धा-पाऊण किलोमीटर सहज लागतो. नायिका जिथे राहिली तिथे गाडी थांबणारच नाही. नायकाला मागे चालत जावं लागेल, तेही खडीवरून.

उगाच

गार्डकाका, हे मात्र मला माहीत नव्हतं. टाळ्या.

कात्रीवाली

मी संकलनाच्या टेबलावर बसते, म्हणून दुसरी बाजू सांगते. लांब होईल, सांभाळून घ्या.

रेल्वेच्या प्रसंगात चुका का होतात? कारण गाडी रिटेक देत नाही. मोटारीचा टेक चुकला तर दोन मिनिटांत ती मागे घेता येते. पूर्ण गाडी मागे घ्यायची तर ब्लॉक (त्या रुळावरची बाकी वाहतूक बंद) हवा, सिग्नल हवा, रेल्वेचा माणूस हवा, आणि ती परत जागेवर येईपर्यंत ऊन सरकलेलं असतं. म्हणून निर्माते कमी रहदारीचे फाटे शोधतात. ‘शोले’तली (१९७५) गाडीवरची लढाई पनवेल-उरण मार्गावर झाली आणि रामगढ उभं राहिलं कर्नाटकात रामनगरमला. आपट्याचंही कारण हेच: मुंबईहून जवळ, गाड्या मोजक्या.

आता तुमच्या नजरेत सहसा न येणारी चूक. गाडी पडद्यावर डावीकडून उजवीकडे जात असेल तर पुढच्या शॉटमध्येही ती तशीच जायला हवी. कॅमेरा रुळाच्या पलीकडे नेलात की तीच गाडी उलटी पळताना दिसते आणि प्रेक्षकाला कारण न कळता वाटतं की नायक परत घरी निघाला. डब्याच्या आतही तेच. समोरासमोर बसलेल्या दोघांपैकी एकाच्या मागे झाडं मागे पळायला हवीत, दुसऱ्याच्या मागे पुढे. सेटवर खिडकीबाहेरचं दृश्य नंतर जोडलं जातं तेव्हा हमखास कुणीतरी दोन्हीकडे एकच पट्टी लावतं. मग दोघं समोरासमोर बसून एकाच दिशेला तोंड करून प्रवास करतात. एकदा हे दिसायला लागलं की सुटका नाही. मी तुमचं आयुष्य नासवलं आहे, क्षमस्व.

सेटवरचं काम नीट होऊ शकतं, हे मात्र नक्की. सत्यजित राय यांच्या ‘नायक’मधला (१९६६) कोलकाता-दिल्ली प्रवास बघा. डबा बन्सी चंद्रगुप्तांनी स्टुडिओत उभा केलेला. पडद्यावर तो सेट आहे हे लक्षातही येत नाही.

आणि कंटिन्युइटी, म्हणजे एका शॉटशी दुसरा शॉट जुळणं, नुसती खिडक्या-घड्याळांची नसते. ‘पथेर पांचाली’त (१९५५) अपू आणि दुर्गा काशफुलांच्या रानातून गाडी बघायला जातात तो प्रसंग आठवा. एक दिवस चित्रीकरण झालं, आठवड्याने मंडळी परत गेली तर गुरांनी सगळं काश खाऊन टाकलेलं! उरलेल्या भागासाठी पुढच्या फुलोऱ्यापर्यंत थांबले. आज असं कुणी थांबेल? फुलं संगणकावर काढून मोकळे होतील.

आउटर सिग्नल

कात्रीवाली, झाडांच्या दिशेचं वाचून लगेच दोन सिनेमे लावून बघितले. एकात चूक सापडली. नाव सांगत नाही, लाडका आहे.

बोरीबंदर

मुंबईचा विषय निघाला नाही म्हणून मीच काढतो. कुठूनही येणारा नायक व्हीटीलाच उतरतो. उत्तर प्रदेशातून मध्य रेल्वेने आला तर ठीक. पण गुजरातेतून आलेला माणूस? त्याची गाडी मुंबई सेंट्रलला किंवा वांद्र्याला यायला हवी. दिल्लीची राजधानीही १९७२ मध्ये सुरू झाली ती मुंबई सेंट्रलहून. पण मुंबई सेंट्रलला घुमट नाही, त्याला दिग्दर्शक काय करणार?

मग हा नायक व्हीटीच्या दारातून बाहेर पडतो आणि पुढच्याच शॉटला मरीन ड्राइव्ह. ठीक, चालत गेला असेल. त्याच्या पुढच्या शॉटला हाजीअली. हातात पत्र्याची ट्रंक!

नावाचा घोळ वेगळाच. व्हिक्टोरिया टर्मिनसचं छत्रपती शिवाजी टर्मिनस झालं १९९६ मध्ये, ‘महाराज’ हा शब्द आला २०१७ मध्ये. सत्तरच्या दशकातली कथा असेल तर पाटीकडे कॅमेरा नेऊ नये, हेच बरं.

लोकलचं श्रेय मात्र ‘बातों बातों में’ला (१९७९) द्या. वांद्रे-चर्चगेट, सकाळी ९:१०. गाडी एकच, वेळ एकच, रोजची माणसं तीच. सिनेमाची अख्खी गोष्टच त्या वेळेवर टेकलेली आहे.

आउटर सिग्नल

हेच म्हणतोय मी! ९:१० म्हटलं तर ९:१०. शब्द दिला आणि पाळला.

गार्डाचा डबा

काळाच्या चुकांची भर घालतो.

डब्याचा रंग: नव्वदच्या दशकात आपले डबे निळे झाले, त्याआधी गेरू-तपकिरीकडे झुकणारा लालसर रंग होता. आणीबाणीच्या काळातल्या कथेत निळी गाडी दिसली की समजा, कुणी विचारलंच नाही.

इंजिन: टोकदार नाकाचं, नाकावर चांदणी असलेलं डब्ल्यूपी जातीचं वाफेचं इंजिन फार देखणं, म्हणून स्वातंत्र्यलढ्याच्या प्रत्येक सिनेमात तेच. पण ते भारतात आलं १९४७ मध्ये. १९३० च्या सत्याग्रहींना ते ओढू शकत नाही.

तारा: मुंबईत विजेची पहिली गाडी धावली ३ फेब्रुवारी १९२५ रोजी, व्हीटी ते कुर्ला. त्यामुळे जुन्या मुंबईत खांब आणि तारा दिसल्या तर बिघडत नाही. फाळणीच्या वेळच्या पंजाबात त्या दिसल्या की बिघडतं.

आवाज: विजेचं इंजिन पुढे आणि कानात ‘कूऽऽ झुकझुक’. रुळांचा ठेकाही तसाच. पूर्वी साधारण १३ मीटरवर सांधा यायचा म्हणून तो ‘धडक-धडक’ ताल. आता रूळ जोडून लांबच लांब केलेत, ताल जवळजवळ गेलाच. सिनेमातून तो अजून गेलेला नाही, आणि खरं सांगायचं तर जाऊही नये.

देशोदेशी

बाहेरच्यांनाही सोडू नका.

‘मिशन: इम्पॉसिबल’ (१९९६). इंग्लिश खाडीखालच्या बोगद्यात आगगाडी आणि तिच्यामागे हेलिकॉप्टर. खऱ्या चॅनल टनेलमध्ये जाण्या-येण्याचे बोगदे वेगवेगळे आहेत, एकेरी रुळाचे, व्यास सुमारे ७.६ मीटर, मधे सेवेसाठी तिसरा लहान बोगदा. सिनेमातला बोगदा दुहेरी रुळांचा आणि ऐसपैस. वर २५ हजार व्होल्टची तार असते, ती गायब. आणि उघड्यावरची दृश्यं घेतली स्कॉटलंडमध्ये, ज्या मार्गावर वीजच नाही.

‘स्कायफॉल’मध्ये (२०१२) सुरुवातीचा पाठलाग इस्तंबूलच्या बाजारात, आणि हां हां म्हणता टपावरची मारामारी अदानाजवळच्या वर्दा पुलावर. मधे शेकडो किलोमीटर तुर्कस्तान. पुढे लंडनच्या भुयारी रेल्वेत डिस्ट्रिक्ट लाइन म्हणून दाखवली ती गाडी ज्युबिली लाइनची. ते चेअरिंग क्रॉसचे बंद पडलेले फलाट आहेत, चित्रीकरणाला कायम मिळतात.

पण माझा आवडता नमुना ‘ओरिएंट एक्स्प्रेस’चा. अगाथा ख्रिस्तीच्या कादंबरीत गाडी बर्फात अडकते ती विन्कोव्त्सी आणि ब्रॉड या गावांच्या दरम्यान, म्हणजे आजच्या क्रोएशियात. तो सगळा सपाट मैदानी मुलूख. २०१७ च्या सिनेमात मात्र हिमशिखरं, कडा कोसळतोय आणि गाडी अडकलीय उंचच उंच लाकडी पुलावर. अडकली ती डोंगरात, हे त्यांनी गृहीतच धरलं.

बाजूची खालची

म्हणजे त्यांचाही दूधसागर झाला म्हणा की.

देशोदेशी

अगदी. आता याच्या उलटं ऐका. ‘द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय’चं (१९५७) चित्रीकरण श्रीलंकेत कितुलगलाला झालं. थायलंडमधला युद्धकाळातला खरा पूल होता मे क्लाँग नदीवर, क्वायवर नव्हे. सिनेमानंतर पर्यटक येऊन ‘क्वायवरचा पूल कुठाय?’ विचारू लागले. मग काय, तिथल्या सरकारने १९६० च्या सुमारास नदीच्या त्या भागाचं नावच बदलून ख्वे याई केलं. नकाशा चुकला म्हणून सिनेमा दुरुस्त केला नाही, नकाशा दुरुस्त केला.

उगाच

हे घ्या. आउटर सिग्नल, थोडी वाट बघा, मुंबई-चेन्नई मार्गही दूधसागरवरून वळवतील.

आउटर सिग्नल

घाटाला १:३७ चा (३७ मीटरला एक मीटर) चढ आहे, गाडीला मागून जादा इंजिनं लावावी लागतात. वळवा आणि बसा मग.

बरं, एक गंभीर शंका. ‘दिल से’चं (१९९८) टपावरचं गाणं. कथा ईशान्येला निघालेली आणि गाडी नीलगिरीची, म्हणजे मेट्टुपालयम-उटीची. माझ्या निकषाने हे कुठे बसतं? गाण्यात सिनेमा जागेचं नाव घेत नाही, पण आधी-नंतरची कथा घेते.

कात्रीवाली

गाणं आहे ते, प्रवास नाही. हिंदी सिनेमात गाणं सुरू झालं की भूगोल रजेवर जातो, हा अलिखित करार आहे. स्वित्झर्लंडमध्ये साडी नेसून धावणारीला व्हिसा कोण विचारतं?

गार्डाचा डबा

निकषाचं तुम्ही बघा. मला त्या गाण्यात वेगळंच आवडतं: टपावर नाचायला त्यांनी बरोबर रेल्वे निवडली. साध्या डब्याचं छप्पर रुळापासून सुमारे चार मीटर उंच, विजेची तार साधारण साडेपाच मीटरवर. मधे उरतं दीड मीटर. त्यात उभा राहिलेला नायक दुसऱ्या कडव्यापर्यंत टिकणार नाही. २५ हजार व्होल्टला स्पर्शसुद्धा लागत नाही, जवळ गेलं तरी पुरे. नीलगिरीला तारा नाहीत आणि वेगही बेताचा. तिथलं वाफेचं इंजिन चढाला डबे मागून ढकलतं, कारण कल्लार-कुन्नूर भागात १:१२ चढ आहे, रुळांच्या मधे दात्यांची पट्टी लागते. म्हणजे त्या टप्प्यात इंजिन पुढे दिसलं तर गाडी उतरतेय असं समजा.

पोरांसाठी: टपावर बसणं रेल्वे कायदा १९८९, कलम १५६ प्रमाणे गुन्हा आहे. नाचणं वेगळं लिहिलेलं नाही, ते बसण्यातच धरतात.

बाजूची खालची

‘दिलवाले’तल्या आपट्याच्या त्या प्रसंगावर कुणीच हिशेब केला नाही, आश्चर्य आहे. ती धावते, तो दारातून हात पुढे करतो, आणि लोक म्हणतात एवढा वेळ गाडी फलाटावर राहीलच कशी. मी केलाय हिशेब. फलाट तीनशे मीटरचा धरा. लेहंगा सांभाळून मुलगी सेकंदाला चार मीटर धावली तर तिला सव्वा मिनिट मिळतं. डिझेल इंजिनाची गाडीही सुटताना पहिल्या मिनिटात रांगतच असते. म्हणजे प्रसंग शक्य आहे. अशक्य काय असेल तर ते एवढंच की दारातली बाकीची पब्लिक बाजूला सरकून त्याला जागा देते.

बोरीबंदर

+१. आमच्या लोकलमध्ये हात दिला असता तर आधी ‘आत सरका’ ऐकायला मिळालं असतं.

उगाच

इतका वेळ तुमची टर उडवली, आता एक चूक मीही आणलीय. ‘आराधना’ (१९६९). टॉय ट्रेनमध्ये ती, जीपमध्ये तो. जीप सारखी गाडीच्या बरोबरीने कशी? कधी या बाजूला, कधी त्या बाजूला? डोंगरात रुळाला चिकटून रस्ता कुठून आला?

आउटर सिग्नल

उगाचराव, नेमकी बरोबर असलेली गोष्ट आणलीत. दार्जिलिंगची रेल्वे १८८१ ची, रूळ जेमतेम दोन फुटांचे, आणि ती बांधलीच मुळी आधीच्या गाडीरस्त्याच्या कडेकडेने. रस्ता आणि रूळ एकमेकांना शंभराहून जास्त वेळा ओलांडतात. जीप या बाजूची त्या बाजूला गेली नाही तरच चूक. वेगही असा की जीपला मुद्दाम हळू चालवावं लागेल.

उगाच

म्हणजे अख्ख्या धाग्यात मी एक चूक आणली आणि तीही चूक नाही.

कात्रीवाली

थांबा, अगदीच रिकाम्या हाताने जाऊ नका. शर्मिला टागोर तेव्हा राय यांच्या चित्रीकरणात अडकल्या होत्या. त्यांचे खिडकीतले शॉट नंतर मुंबईत स्टुडिओत घेतले. म्हणजे जीप दार्जिलिंगला आणि खिडकी मुंबईला. तो ज्या हसण्यावर गातोय ते हसू तिथे नव्हतंच. आता परत बघा आणि तिच्या चेहऱ्यावरचा उजेड त्याच्या उजेडाशी जुळतो का ते सांगा.

उगाच

बघितलं. तीनदा. उजेडाकडे बघायचं राहूनच गेलं.